शेकलेला सूर

आमच्या डोंगरउतारावरील देवस्थानात शरदोत्सवाच्या दिवशी जे प्राचीन जपानी दरबारी संगीत सादर केले जाते, त्यात मी लहान नगारा वाजवितो. नगारेवाल्यास वादनापेक्षा प्रतीक्षाच अधिक करावी लागत असल्यामुळे इतरांची मुखे न्याहाळण्यास त्याला विपुल अवसर मिळतो. म्हणूनच मोरोझुमी तात्सुहेइ यांच्या अंतःकरणात पेटलेला मत्सर सर्वांच्या आधी माझ्या दृष्टीस पडला.

तात्सुहेइ व्यवसायाने कौले शाकारणारे. आमच्या वादक-मंडळात ते ‘शो’ वाजवीत. लाकडी वाटीत उभ्या रोवलेल्या वेळूच्या सतरा नळ्या, असे हे वाद्य. त्यांतील दोन नळ्या मुक्याच असतात, केवळ शोभेसाठी. वादकाने श्वास सोडला तरी ते गाते, आत घेतला तरी गाते. मात्र प्रकृती नाजूक. श्वासाचा ओलावा आतल्या पितळी जिभल्यांवर साचला की सूर उतरतो. म्हणून वादनापूर्वी व दोन रचनांच्या मधल्या अवधीत ते निखाऱ्यांवर फिरवून शेकावे लागते. तात्सुहेइंचे वाद्य लग्न झाल्यापासून त्यांच्या पत्नी इकुए शेकीत. प्रारंभीची सूर-मेळवणी प्रत्येक वाद्याच्या अग्रवादकानेच करावी, असा आमचा दंडक आहे. शो-वादकांत ते अग्रासन तात्सुहेइंचे, आणि ते त्यांना प्राणाहून प्रिय होते.

यंदा मंडळात सेनो नावाचे एक अविवाहित दंतवैद्य आले. तेही शो वाजवीत, आणि सांगावयास संकोच वाटतो, परंतु उत्तम वाजवीत.

उत्सवाच्या सकाळी सेनो गारठ्यातून सायकलवर आले. इकुएंनी त्यांच्या वाद्यास हात लावला मात्र, त्या उद्गारल्या, “अगं बाई, बर्फच झालाय की याचा! द्या इकडे.”

आणि शेगडीवर बाळाला शेक द्यावा तितक्या हळुवारपणे त्या ते परके वाद्य फिरवू लागल्या.

“आणि माझं?” तात्सुहेइंनी विचारले.

“तुमचं झालं की मघाशीच.”

“गार आहे.”

“हात तरी लावून बघितलात का?”

“राहू दे. माझं मी शेकतो.” मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “लोकांच्या तोंडात हात घालायची सवय ना त्याला. आता आमच्या शेगडीतही घातला!”

“हळू बोला, ऐकतील.”

“ऐकू दे. कान फार तयार आहेत म्हणे त्याचे!”

त्यांनी दुसरी शेगडी ओढली, तीत निखाऱ्यांची रास रचली आणि वाद्य वर धरले. परंतु दृष्टी होती पत्नीच्या बोटांवर. त्या जिभल्या मेणाने चिकटविलेल्या असतात, आणि मेणाचेच थेंब देऊन त्यांचा सूर बसविलेला असतो, हे तात्सुहेइंस कोणी शिकवावयास नको होते. तरीही करपल्या मेणाचा वास आम्हां सर्वांस आला, आणि एक जिभली सुटून आतल्या लाकडी वाटीत टणकन पडली.

“अहो तात्सुहेइ,” वृद्ध पुजारी होसाका म्हणाले, “वाद्य शेकताय की मासे भाजताय?”

हशा पिकला. सेनो मात्र हसले नाहीत. त्यांनी इकुएंकडून आपले वाद्य घेतले आणि दोन्ही हातांनी पुढे केले.

“मोरोझुमी-सान, हे घ्या. आमचे पुढारी तुम्हीच. मी आज नुसता ऐकतो.”

नाकारावे तर आसन सेनोंकडे जाणार. घ्यावे तर इकुएंच्या हातची ती परकी ऊब ओठांस लावावी लागणार. अखेरीस तात्सुहेइंनी ते घेतले.

सूर-मेळवणी झाली, पहिली रचनाही झाली.

“वा! आज सूर फारच गोड लागला हो!” होसाका म्हणाले.

त्या प्रशंसेने तात्सुहेइंचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला. ते पत्नीजवळ गेले.

“माझं कधी इतकं छान शेकलं नव्हतंस.”

“तुम्ही शेकू द्याल तेव्हा ना! जरा धरलं की लगेच ‘दे, दे, झालं!’ ते बापडे गप्प बसले होते. आणा आता, परत शेकते.”

“नको.”

“अहो, ओलं झालंय ते.”

“नको म्हटलं ना!”

आणि ते वाद्य त्यांनी आपल्या रुंद बाहीत लपविले. जणू पत्नीच्या बोटांपासून त्याचे रक्षण करावयाचे होते.

दुसऱ्या रचनेच्या मध्यावर सूर उतरू लागला. पुढे तर नळ्या सर्दी झाल्यागत घुसमटल्या. बासरीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिले. आपलेच वाद्य असे खोकताना ऐकून सेनोंनी मान खाली घातली.

रचना संपताच होसाका सावकाश म्हणाले, “तात्सुहेइ, आता सेनो-सानना पुढे बसू द्या.”

तात्सुहेइ उठले. त्यांनी वाद्य परत केले. परंतु ते इकुएंपुढे धरण्याचे धैर्य सेनोंस होईना, आणि इकुएही पतीकडे पाहत राहिल्या.

तात्सुहेइंनी पायानेच शेगडी पत्नीपुढे सरकविली.

“शेक,” ते म्हणाले.

मग पाठ फिरवून माझ्या नगाऱ्याशेजारी येऊन बसले.

“झालं का?” समोरच्या भिंतीकडे पाहत त्यांनी मला विचारले.

“वहिनी अजून शेकताहेत.”

“अजून?”