रविवारचा बिघाड

तात्यांचं आणि त्यांच्या मुलाचं कधी भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर एक वेळ बरं, भांडण मिटवता तरी येतं. ह्या दोघांत बोलायला विषयच नव्हता, आणि त्यावर कुठलं औषध मिळत नाही. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला लागला तेव्हापासून त्याचा फोन यायचा तो आईला. मायलेक पोटभर बोलायची आणि शेवटी ती म्हणायची, "थांब हं, तात्यांना देते." मग तात्या फोन कानाला लावून विचारायचे, "काय, बरं आहे ना?" तिकडून उत्तर यायचं, "बरं आहे. तुमचं?" "आमचंही बरंच." की फोन परत तिच्या हातात. इतक्या वर्षांत दोघांनाही त्यात काही उणं वाटलं नव्हतं.

मग ती गेली, आणि फोन सरळ तात्यांच्या हातात यायला लागला. "जेवलात का?" "जेवलो." "गोळ्या?" "घेतल्या." त्यानंतर दोघंही गप्प. आधी फोन ठेवायला दोघांचाही जीव होईना, आणि बोलायला दोघांनाही सुचेना. अशा गप्प बसण्याचा माणूस कितीदा खर्च करणार? आठवड्याचा फोन महिन्यावर गेला, आणि पुढे पुढे काही काम असेल तरच यायला लागला.

असाच एकदा कामाचा फोन आला. "तात्या, माझा तो व्हिडिओ गेम आहे का हो अजून? कॅसेटवाला?"

"माळ्यावर असेल. का रे?"

"पोराला दाखवायचाय. गेमला कॅसेट लागायची हे त्याला खरंच वाटत नाही. म्हणतो, बाबा, थापा मारू नका. चालतोय का बघाल जरा? चालू झाला की सांगा, मी येतो."

"बघतो," तात्या म्हणाले, आणि फोन ठेवल्याबरोबर शिडी शोधायला लागले.

तात्यांचा सगळा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेला होता. दुकान कधीच बंद झालं, पण हत्यारं घरातच होती, तेल दिलेली, फडक्यात गुंडाळलेली. माळ्यावरून गेमचा खोका खाली आला तेव्हा मूळचा पांढरा रंग जुन्या दातांसारखा पिवळा पडला होता. कॅसेट घालायच्या फटीत कोळ्याने संसार थाटला होता. तात्यांनी खोका पालथा केला आणि पहिलाच अडथळा आला. त्याच्या स्क्रूला बसेल असा पेचकसच घरात नव्हता. खाच आडवी नाही, चौफुली नाही, भलतीच. लोकांनी उघडूच नये म्हणून कंपनीने केलेला आगाऊपणा. तात्यांना असल्या आगाऊपणाचा भारी राग. त्यांनी एका जुन्या बॉलपेनचं प्लॅस्टिकचं टोक मेणबत्तीवर मऊ केलं, स्क्रूवर दाबून धरलं, गार होऊ दिलं आणि फिरवलं. स्क्रू मुकाट्याने सुटला.

रविवारी मुलाचा फोन आला. एरवी तो आला नसता, पण त्याला खोक्याचं काय झालं ते हवं होतं. तात्यांनी बॉलपेनची हकिकत सांगितली. मुलगा खळखळून हसला. तात्यांना आपल्या बोलण्यावर मुलगा हसलेला शेवटचा कधी ऐकला ते आठवेना.

"आणि कॅसेटचे दात हिरवे पडलेत," तात्या म्हणाले. "खालच्या पट्टीवर तांब्याचे असतात ना, ते."

"ते फुंकरीमुळे, तात्या. आपण सगळे मूर्ख होतो. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकायची, परत घालायची. जगात सगळ्यांनी हेच केलंय. फुंकरीने काही साफ व्हायचं नाही, उलट तोंडातली वाफ लागून दात गंजायचे. मी परवाच वाचलं."

"पण चालायची की रे फुंकल्यावर."

"काढून परत घातली म्हणून चालायची. आईला मात्र वाटायचं, तिच्याच फुंकरीत जादू आहे."

खरंच होतं ते. मुलगा लहान असताना कॅसेट अडली की तो थेट स्वयंपाकघरात पळायचा, आणि ती हातातलं काम टाकून, पदराला हात पुसून, कॅसेट तोंडाशी धरून डावीकडून उजवीकडे एक लांब फुंकर मारायची. पोराला लागलं-खुपलं तरी तशीच, आणि कॅसेट अडली तरी तशीच.

दुसऱ्या दिवशी तात्या खोडरबर घेऊन बसले. कॅसेटचे दात खोडरबराने घासायचे आणि मग स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कान पुसायच्या कापसाच्या काडीने पुसायचे, असं मुलाने सांगितलं होतं. काम सोपं होतं. पण तो हिरवा थर म्हणजे तिच्या तोंडची वाफ, हे एकदा डोक्यात बसल्यावर तात्यांचा हात चालेना. तिच्या साड्या, चष्मा, चपला, सगळं त्यांनी डोळे कोरडे ठेवून देऊन टाकलं होतं. आणि इथे एक चिमूटभर गंज पुसवेना. शेवटी त्यांनी घासलं. न घासून करतात काय, मुलगा वाट बघत होता. काडी हिरवी झाली, आणि खाली तांबं लख्ख निघालं.

आता खोक्याच्या आतली खाच राहिली होती, कॅसेट जिच्यात बसते ती. तिच्या पट्ट्या सैल पडल्या होत्या. ती सुटी करून पाण्यात उकळायची, म्हणजे मळ सुटतो आणि पट्ट्या सावरतात, असं तात्यांनी कुठेतरी पाहिलं. त्यांनी चहाच्या भांड्यात ती उकळायला ठेवली, आणि नेमक्या तेव्हाच शेजारच्या टेलरबाई दारात आल्या. तात्यांनी त्यांचं मशीन इतकी वर्षं सांभाळलं होतं, की ह्या घरात यायला त्यांना निमित्त लागत नसे.

"चहा टाकलात वाटतं," म्हणत त्यांनी भांड्यात डोकावलं आणि मागे सरकल्या. "तात्या, हे काय शिजवताय?"

"मुलाचा खेळ."

"बरे आहात ना?"

खाच वाळली, जागेवर बसली. तात्यांनी जुना डबडा टीव्ही पुसून जोडला, कॅसेट घातली, बटण दाबलं. आधी पडदा करडा झाला, मग एक छोटासा टोपीवाला माणूस उगवला आणि टिंगटिंग गाणं सुरू झालं. टेलरबाईंनी टाळीच वाजवली. तात्यांनी फोन उचलला, मुलाचा नंबर काढला, आणि त्यांचा अंगठा तिथेच थांबला.

कारण पुढचं सगळं त्यांना तिथल्या तिथे दिसलं. मुलगा येणार. चहा घेणार. खोका पिशवीत घालणार. "येतो, तात्या." आणि मग? रविवारी फोन कशाचा? "जेवलात का," "गोळ्या घेतल्या का," आणि पुन्हा महिना.

त्यांनी फोन खाली ठेवला.

"लागत नाही का?" टेलरबाईंनी विचारलं.

"कामात असेल. रविवारी सांगतो."

रविवारी मुलाने विचारलं, "काय म्हणतोय आपला पेशंट?" आणि तात्या म्हणाले, "चित्र येतंय रे, पण रंग येत नाहीत."

गिऱ्हाईकाला खोटा बिघाड सांगून तात्यांनी कधी एक पैसा घेतला नव्हता. असं करणाऱ्यांना ते दुकानाच्या पायरीवर उभं करत नसत. आता मात्र रविवार जवळ आला की ते नवा बिघाड शोधायला बसत, आणि मुलगा इंजिनिअर, त्यामुळे बिघाड पटेल असाच हवा. रंगांचं झालं. मग आवाज घरघरतोय म्हणाले. मग एक कपॅसिटर फुगलाय म्हणाले, आणि तो मिळता मिळेना. जन्मभर त्यांनी बिघाड काढले होते. आता म्हातारपणी घालायला लागले, आणि त्यातही काम चोख.

मुलगाही असा गुंतला की विचारू नका. तो तिकडून वाचून काढायचा, उपाय सुचवायचा. "तात्या, अडॅप्टर तपासला का? आणि टीव्हीची वायर?" तात्या करून बघितल्यासारखं करायचे. बोलता बोलता गाडी कुठल्या कुठे जायची. मुलाच्या साहेबाची कटकट, सुनेच्या हाताने लावलेली लिंबाची कुंडी, नातवाचा पडलेला दात. एकदा मुलगा म्हणाला, "तात्या, मला कधी कधी रात्री झोपच येत नाही हो, आई आठवते." तात्या म्हणाले, "मलाही." हे वाक्य बाप आपल्या मुलाशी बोलला, ते केवळ एका न बिघडलेल्या कपॅसिटरच्या आधाराने.

इकडे टेलरबाई दुपारचं काम आटोपून खेळायला येऊ लागल्या होत्या. त्या आणि तात्या एकेक रिमोट धरून बसत, आणि बाई पडद्यावरच्या खड्ड्यात पडल्या की रिमोटला दोष देत.

"हा चांगला चालतोय," एक दिवस त्या न राहवून म्हणाल्या. "मुलाला सांगत का नाही तुम्ही?"

तात्यांनी खरं ते सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, आणि रिमोट मांडीवरून खाली ठेवला.

"तात्या, तुमचा मुलगा तुमच्याशी बोलतोय. खोक्याशी नाही. सांगून टाका, येऊ दे त्याला."

"आणि घेऊन गेला म्हणजे?"

"गेला तर गेला. बसेल की घटकाभर समोर. फोनला काय डोळे असतात?"

हे तात्यांच्या मनात घर करून राहिलं. मुलाचा चेहरा बघून किती दिवस झाले होते. तो आता चष्मा लावतो, हेसुद्धा त्यांना बोलण्याच्या ओघात कळलं होतं. त्यांनी ठरवलं, ह्या रविवारी सांगायचं. टेलरबाईंनी आणून दिलेली केस भुरे करायची क्रीम खोक्याच्या वरच्या कवचाला फासून, ते प्लॅस्टिकात गुंडाळून त्यांनी उन्हात ठेवलं, आणि पिवळेपणा बराचसा उतरला. रविवारी दाढी केली. फोनची वेळ झाली तशी टीव्ही लावून ठेवला, आवाज बंद करून. मुलगा "काय म्हणतोय पेशंट" म्हणाला की काही बोलायचं नाही, नुसता आवाज मोठा करायचा आणि फोन टीव्हीजवळ धरायचा. गाणं ऐकून तो काय म्हणेल, ह्याची त्यांनी मनातल्या मनात उजळणी केली होती.

फोन आला. तात्यांनी आवाजाच्या बटणावर बोट ठेवलं.

"तात्या, आधी माझं ऐका," मुलगा म्हणाला. "आता त्या खोक्यामागे लागू नका. मिळाला मला. एकाने जुने दुरुस्त करून विकायला काढलेत, त्याच्याकडून घेतला. काल आला. पोरगा सकाळपासून हलला नाही त्याच्यासमोरून."

तात्यांचं बोट बटणावरच राहिलं.

"बरं केलंस," ते म्हणाले.

"तुम्हाला किती त्रास दिला मी. डोळ्यांना ताण, बाजारात खेटे. मलाच वाईट वाटायला लागलं."

"त्रास कसला."

"खरं सांगू का, मला तिकडेच यायचं होतं. आम्हा सगळ्यांना. चांगली आठवडाभराची सुट्टी धरून ठेवली होती, गेम चालू झाला की निघायचं म्हणून. म्हटलं, पोरगा तिथेच शिकेल, तुमच्यासमोर बसून. नाहीतर आपण दोघं नुसते बसून राहतो हो, तात्या. मला काय बोलावं सुचत नाही तुमच्याशी, आणि मग वाटतं, तुम्हालाच नकोसं होत असेल." मुलगा थोडं हसला. "पण तो काही बरा होईना. ऑफिसवाले म्हणाले, सुट्टी आता घ्या नाहीतर जाईल. मग मागच्या आठवड्यात हिच्या माहेरी जाऊन आलो."

पडद्यावर टोपीवाला माणूस उभा होता, कुणी बटण दाबायची वाट बघत. अजूनही सांगता आलं असतं, की चालतोय रे, केव्हाचा चालतोय. पण मग रंग खोटे, घरघर खोटी, कपॅसिटर खोटा, आणि त्या रविवारांपैकी खरं काय होतं, असं त्याने विचारलं तर? तेवढे रविवारच त्यांच्या पदरी होते. तेही स्वतःच्या हाताने खोटे करायचं धाडस त्यांना होईना.

"सुट्टी नसली तरी या की एखाद्या दिवशी," ते म्हणाले.

"येऊ ना. बघतो. आता लगेच जमेलसं नाही." मग तो म्हणाला, "तात्या, तसा तो दुरुस्त झाला असता का हो? तुम्हाला काय वाटत होतं?"

"नसता झाला," तात्या म्हणाले. "आतून गेलाय तो."

"मलाही वाटलंच," मुलगा म्हणाला. "बाकी काय? जेवलात का?"

"जेवलो."

"गोळ्या?"

"घेतल्या." तात्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुझा तो नवा कसा आहे? रंग नीट येतात?"

"एकदम. नव्यासारखा केलाय त्याने."

"आवाज?"

"स्वच्छ आहे हो. काही म्हणजे काही तक्रार नाही."

"जुना माल आहे तो," तात्या म्हणाले. "बिघडेल की कधीतरी."