भरल्या ओंजळीची तालीम

म्हाळाच्या पंधरवड्यात लेकीचं लग्न धरलं म्हणून आटपाडीच्या बाजारात चार जणींनी पारूबाईला हटकलं. पितरांच्या दिवसांत कुणी मांडव घालतं का, असं त्यांचं म्हणणं. पारूबाईने वांगी निवडता निवडता सांगितलं की जावयाला पलटणीतून रजाच आत्ता मिळालीय, आणि आमच्या धम्मात मुहूर्त बघत नाहीत. एवढं बोलून ती वांगी पदरात घेऊन चालती झाली. बाईचं बोलणं थोडं आणि चालणं फार.

आतून मात्र ती धास्तावलेली होती. पितरांना नव्हे, तांदळांना.

धम्म घेतल्याला वीसेक वर्षं होत आली होती. घरातला देव्हारा गेला, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आला. पण लग्न म्हटलं की माणसांचे हात जुनेच. गेल्या साली भावकीतल्या एका लग्नात अर्ध्या लोकांनी धम्माच्या रीतीने फुलं टाकली आणि अर्ध्यांनी अक्षता. अक्षतांमागून हळद आली, हळदीमागून सवाष्णींचा मान आला, आणि मग कुणीतरी पारूबाईला म्हणालं, तू पांढऱ्या कपाळाची, तू आत बस. नवरा गेल्यापासून हे ऐकायची तिला सवय होती. ती उठली आणि चुलीपाशी जाऊन भाताला जाळ घालत बसली. पण अंजना तिची एकुलती एक लेक. तिचा हात जावयाच्या हातात पारूबाईला स्वतः द्यायचा होता, चारचौघांत, पुढे उभं राहून. तांदूळ आले की मागून सगळंच येतं, हे तिला पक्कं कळलं होतं.

त्यात व्याही भेटले ते साताऱ्याचे गेनू हवालदार. पेन्शनीत आले तरी नाकावर माशी बसू देत नव्हते. बोलणी झाली त्या दिवशीच त्यांनी बजावलं, "मांडवात तांदळाचा एक दाणा पडला तर वऱ्हाड माघारी न्हेईन."

म्हणून पारूबाईने तालीम धरली. कुस्तीची तालीम लोकांना ठाऊक, तमाशाची ठाऊक. लग्नाची कुणी ऐकली नव्हती. वस्ती आधी पोट धरून हसली आणि मग काय चाललंय ते बघायला झाडून सगळी आली. दिवस कलला, माणसं पाझर तलावाच्या कामावरून परतली की समाजमंदिरापुढे जमायची. पारूबाईचा भाऊ केरू सांगलीहून मुद्दाम आला होता, गाथा तो म्हणायचा. अंजना लाजून घराबाहेर येईना, तेव्हा नवरीच्या जागी मांडवाचा खांब उभा राहिला. नवरदेव झाली शेजारची मनुबाई, डोक्याला नवऱ्याचा पटका गुंडाळून.

मेणबत्ती लागली, त्रिसरण झालं, पंचशील झालं. सगळं कसं रांगेत. गाथा संपली मात्र, पारूबाईची सासू आक्काताई हिचा हात ओच्यात गेला आणि तिने खांबावर मूठभर तांदूळ टाकले. दुसऱ्या दिवशी पारूबाईने तिचा ओचा तपासला, तर तांदूळ पदराच्या गाठीतून निघाले. तिसऱ्या दिवशी गाठही सोडून घेतली. म्हातारीने गाथेच्या शेवटी खाली वाकून चिमूटभर माती उचलली आणि मनुबाईच्या पटक्यावर उधळली. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

पारूबाई कधी सासूला उलटून बोलली नव्हती, त्या दिवशी बोलली. आक्काताईने ऐकून घेतलं.

"रागावू नगं गं," ती म्हणाली. "तांदूळ टाकायचं न्हाईत हे मला ठावं हाय. हाताला ठावं न्हाई."

पारूबाईचा राग तिथेच उतरला. म्हातारी खरं बोलत होती. तोंडाला कितीही शिकवलं तरी हाताला हातानेच शिकावं लागतं. माळावर तेव्हा तरवड फुलला होता, जिकडे बघावं तिकडे पिवळा. पारूबाईने पाट्याच्या पाट्या भरून फुलं आणली आणि नवा नेम केला. मांडवात पाऊल टाकलं की ओंजळ फुलांनी भरायची, आणि शेवटपर्यंत ती खाली करायची नाही. भरल्या ओंजळीला ओचा कुठून सापडणार? मग रोज तेच. शेवटच्या तालमीला मनुबाईच्या पटक्यावर फुलांशिवाय काही पडलं नाही, आणि सगळ्यांत आधी पडली ती आक्काताईची. एकच गोष्ट तालमीत कधी झाली नाही. गाथेनंतर लेकीचा हात द्यायचा तो भाग आला की पारूबाई म्हणायची, ते त्या दिवशी बघू.

तो दिवस उजाडला. साताऱ्याचं वऱ्हाड आलं, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हवालदार पुढे. फुलांची पाटी घेऊन मनुबाई त्यांच्याकडे गेली तर त्यांनी हातानेच परतवली. आमच्या माणसांना शिकवायला नको, फुलं आम्ही शेवटी घेऊ, म्हणाले. वस्तीतली माणसं मात्र ओंजळी भरून उभी राहिली. मेणबत्ती, त्रिसरण, पंचशील, हार, कुठे खोळंबा नाही की गलका नाही. केरूची गाथा संपली, पिवळी फुलं उडाली आणि त्यांच्याबरोबर नवरदेव जोतीरामच्या पांढऱ्या टोपीवर लालभडक अक्षता पडल्या.

पारूबाईने आधी आक्काताईकडे पाहिलं, मग वस्तीतल्या एकेका बाईकडे. सगळ्यांच्या ओंजळींना फुलांचा पिवळा रंग लागला होता. मग लोकांच्या माना वळल्या तिकडे तीही वळली. हवालदारांची थोरली बहीण ठकूबाई, उरलेले तांदूळ मुठीत घट्ट धरून, मेल्याहून मेल्यासारखी उभी होती. हवालदारांचा चेहरा असा झाला की वऱ्हाड आता माघारी न्यावं तर कुणाच्या नावाने न्यावं, हे त्यांनाच कळेना.

आक्काताई पुढे झाली. पाटीतून तिने फुलं घेतली, ठकूबाईची मूठ हळूच उघडली, तांदूळ आपल्या ओच्यात घेतले आणि तिची ओंजळ फुलांनी भरली.

"मनाला लावून घिऊ नगा," ती म्हणाली. "मी तर खांबालाबी तांदूळ टाकलं हायती. आमची तालीम झाली, तुमची ऱ्हायली, एवढंच."

ठकूबाईने डोळे पुसले आणि फुलं टाकली. हवालदारांनी घसा खाकरला. ते सरळ पारूबाईपुढे येऊन उभे राहिले, आणि एवढा ताठ माणूस सगळ्यांदेखत हात जोडून वाकला.

"विहीणबाई, धाकल्याचं लगीन फागणात हाय. तालीम घ्यायला साताऱ्याला या. आन् आता म्होरं व्हा, पोरीचा हात तुमीच द्यायचा."

पारूबाई पुढे झाली. तालीम न केलेली तेवढी एकच गोष्ट, पण तिचा हात जराही चुकला नाही. अंजनाचा हात जोतीरामच्या हातात देऊन ती तिथेच उभी राहिली, सगळ्यांच्या पुढे, डोळ्यांतलं पाणी न लपवता. आनंद तिच्या अंगात मावत नव्हता. केरूने 'साधू, साधू, साधू' असा साधुकार दिला आणि सगळ्या मांडवाने तो उचलला.

त्या दिवशी चुलीपाशी मात्र कुणीच नव्हतं. भात खाली लागला, आणि सगळ्या पंगतींनी तो मागून मागून खाल्ला.