पूजेआधीची गोळी

"गोळी आधी, देव मंग. आन् घेतल्यावर आडवी होऊ नको वं, शामला."

सासूबाई यमुताईंना जाऊन वर्ष होत आलं, तरी त्यांचा हा आवाज रोज समई लावताना शामलाच्या पाठीशी येऊन उभा राही. वळून पाहावं तर कोणी नाही. नुसती वॉकरची टकटक न्हाणीकडे जात राही. वॉकर तर केव्हाच पारशिवनीच्या नणंदेकडे गेला होता.

ठिसूळ हाडांची गोळी यमुताईंना सरकारी दवाखान्यातून फुकट मिळे. आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पण पूजेआधी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा घरचा नेम. म्हणून त्या गोळी पूजेनंतर घेत, तीही पंचामृतासोबत. "देवाचं हाय, गुणच येईन," म्हणत. पळीनं पंचामृत घालणारा हात शामलाचा. दुधादह्यानं गोळी वाया जाते, हे न्हाणीत घसरून त्यांचा खुबा मोडल्यावर कळलं. ऑपरेशन सरकारी योजनेत फुकट झालं. चार दिवस वॉकर धरून चालल्या, मग अंथरूण धरलं. त्या अंथरुणावरच त्यांनी सुनेकडून वचन घेतलं: तुझ्यावर अशी वेळ आली, तर गोळी आधी, देव मंग.

आता तपासणीत शामलाचीही हाडं ठिसूळ निघाली. तिनं मनाशी पळवाट काढली: गोळीऐवजी दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन, नेमालाही धक्का नाही.

"तेवढं योजनेत बसवून द्या नं, मॅडम," ती दवाखान्यात हळूच म्हणाली.

"गोळी सोसत नसेल नाहीतर हाड मोडलं असेल, तरच बसते, काकू," डॉक्टर उन्नती म्हणाली. "मोडायची वाट पाहून राहिल्या का?"

"पूजेआधी काही घेत नाही मी. नेम आहे."

"नेम काही न्हाणीत घसरून पडत नाही, काकू."

शामला हसली. तेवढ्यात मागच्या व्हरांड्यातून टकटक आली, आणि तिनं गोळ्यांचं पाकीट घेतलं.

सोमवारी आंघोळ झाली, पण तिनं समई लावली नाही. "थोडं थांबा, देवा," म्हणत हात जोडले आणि भरल्या पेल्यासोबत गोळी गिळली.

"पूजा झाली का वं?" खोलीतून मारोतरावांनी, तिच्या नवऱ्यानं, विचारलं.

"नाही. अर्धा तास चालून येते."

"आज काहून?"

तिनं चपला घातल्या. पायरीवर थांबून एक हात मागे केला, म्हाताऱ्या माणसाला उतरताना आधार द्यावा तसा, आणि सावकाश रस्त्याला लागली.