गोल खदानीतली बुडी

माझी लेक रुचिता हिचं लग्न पवनीला लावून दिलं, ते २०२४ साल. जानेवारीत ती सासरी गेली आणि त्याच आठवड्यात तिच्या भावाला, हेमराजला, नवं काम मिळालं.

काम गोल खदानीवरचं होतं. आमच्या शिवाराला लागून असलेली ही मँगनीजची खदान चाळीस वर्षांपूर्वी बंद पडली आणि पाण्यानं भरली. काठ विहिरीसारखे उभे, खोली शंभर फुटांच्या वर. नागपूरचा भूपेंद्र दर रविवारी तिथे हौशी लोकांना पाठीवर हवेची टाकी बांधून उतरवायचा. तळाजवळची बुडालेली ट्रॉली पाहायला लोक रायपूरहून येत. त्याला पाण्याला न भिणारा मदतनीस हवा होता. आंधळगावच्या बाजारात ज्याला विचारलं, त्यानं एकच नाव सांगितलं, सेवकरामचा हेमराज.

सेवकराम म्हणजे मी. शेती धानाची, पण लोक मला ओळखत ते बुडीसाठी. विहिरीत पडलेला पाण्याचा पितळी गुंड, मोटार, कधी माणूसही मीच वर काढायचो. हेमराज सात वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला विहिरीत उतरवलं. त्याच्या तोंडावर हात दाबून शंभर मोजायचो.

भूपेंद्रनं नियमांचा कागद दिला. मी साठीनंतर अक्षरं शिकलो. तेव्हापासून घरात आलेला कागद आधी मीच वाचतो. पहिला नियम असा होता : पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये.

मला हसू आलं. "हे काय शिकवून राहिला गा तो? पाण्यात श्वास सोडला तं मानूस मरते."

"टाकीची हवा दाबाची असते म्हणे, बाबा," हेमराज म्हणाला. "वर येताना ते छातीत फुगते. सोडत सोडत यावं लागते."

"हवा काय भाकर आहे फुगाले? त्याची नळी ठेव तोंडात, नोकरी आहे तुही. पण काही अडलं तं छाती भर, तोंड मिट अन् सिधा वर ये."

सून करुणा ओसरीत धान पाखडत होती. "मामाजी, शिकवणाऱ्याचं आयकू द्या ना त्यायले."

"तुह्या नवऱ्याले पोहणं त्यानंच शिकवलं वाटते," मी म्हणालो. हेमराज हसला. ती पुन्हा धान पाखडू लागली.

दोन रविवार नीट गेले. तिसऱ्या रविवारी मी काठावर बसलो होतो. भूपेंद्र, दोन पाहुणे आणि हेमराज खाली गेले. चार जागी बुडबुडे येत होते. मग तीनच जागी येऊ लागले. आपल्या पोरानं श्वास धरला, हे मी ओळखलं आणि मला बरं वाटलं.

खाली एका पाहुण्याची लाथ लागून हेमराजचा पाण्यातला चष्मा निघाला होता, हे नंतर कळलं.

हेमराज एकदम वर आला, छातीपर्यंत पाण्याबाहेर. मी म्हणालो, "शाब्बास." त्याच्या तोंडातून लाल फेस आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण बोलता आलं नाही. भूपेंद्रनं मागून येऊन त्याला काठाला लावलं.

"श्वास धरला त्याने, काकाजी. मी किती वेळा सांगितलं होतं."

भंडाऱ्याला पोचेपर्यंत सारं संपलं होतं. छाती आतून फाटली, असं डॉक्टर म्हणाला.

गावानं ठरवलं की टाकीत खराब गॅस होता. आमच्या भाऊबंदातल्या भैय्यालालनं भूपेंद्रच्या गाडीची काच फोडली. पोलिसांनी मला विचारलं, भूपेंद्रनं मुलाला नियम समजावले होते का? मी म्हणालो, "मले काही मालूम नाही." कागद माझ्या बंडीच्या खिशात होता. भूपेंद्रवर गुन्हा लागला.

करुणानं ते ऐकलं होतं. पोलीस गेल्यावर ती म्हणाली, "मामाजी, तुमाले मालूम होतं."

"हो."

"मंग जाऊन सांगा ना."

मी गेलो नाही. गाव माझ्या बाजूनं होतं आणि दोष दुसऱ्याच्या माथी होता, त्या आडोशाला मला बसता येत होतं. तेराव्यानंतर करुणा एकोडीला माहेरी गेली. जाताना माझ्या पाया पडली नाही. भूपेंद्रचा खटला अजून चालू आहे. आता मी हे लिहून ठाण्यात देतो आहे, सोबत तो कागदही.

माझा मुलगा हेमराज, वय एकोणतीस, रविवार दिनांक ४ फेब्रुवारी २०२४ रोजी दुपारी पाऊण वाजता भंडाऱ्याच्या वाटेवर वारला.