टीझलच्या दातांच्या खुणा

मी एक जुना ससा आहे. पण मित्रांनो, कान टवकारून पळणारा नव्हे. मी आयुष्यात स्वतःहून इंचभरही हललेलो नाही. डोरा थर्टल नावाच्या बाईने नवऱ्याच्या फाटक्या कोटाची बाही कापली, तिच्यात लाकडाचा भुसा ठासून भरला, दोन्ही तोंडं शिवली आणि वरून सशाचं वाळवलेलं कातडं चढवलं. असा मी जन्माला आलो. शिवून झाल्यावर मला हातात तोलत ती नवऱ्याला म्हणाली, "घे. तुझ्यापेक्षा देखणा झालाय, आणि कुरकुरत तर मुळीच नाही."

तिचा नवरा इनॉक. नॉरफक या विलायती परगण्यातल्या एका जमीनदाराच्या रानाचा तो राखणदार होता. फेझंट पक्षी वाढवायचे, कोल्ह्यांपासून जपायचे, आणि थंडीत मालकाचे पाहुणे बंदुका घेऊन आले की पडलेले पक्षी कुत्र्याकडून आणवायचे, हे त्याचं काम. स्पॅनिएल जातीच्या पिल्लांना ते शिकवायला मी होतो. खरा पक्षी तोंडात येण्याआधी पिल्लाच्या तोंडात मी यायचो.

इनॉकची शाळा घरातल्या अरुंद बोळकांडीत भरायची. सगळी दारं लावून तो एका टोकाला गुडघ्यांवर बसायचा. "हप!" म्हटलं की पिल्लाने खाली बसायचं. मग मला दुसऱ्या टोकाला फेकायचं. मला उचलून जाणार कुठे? पिल्लू इनॉककडेच यायचं. आलं की तो मला लगेच घेत नसे. तळहात उघडा करून पिल्लाच्या हनुवटीखाली धरायचा, दुसऱ्या हाताने छाती खाजवायचा. मिरवू दे थोडं, म्हणायचा. पिल्लाने आपणहून जबडा सैल केला की मी त्याच्या तळहातात पडायचो. दिवसातून तीनदा, बस्स.

"हिसकायचं नाही कधी," तो शिकाऊ राखणदारांना सांगायचा. "हिसकलंत की ते दात घट्ट करतं. आज भुशावर करील, उद्या पक्ष्यावर. एकदा लागली ही खोड की मरेपर्यंत जात नाही. आणि घेऊन पळालं तर मागे धावायचं नाही. पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. आपसूक मागे येतं."

तीन कुत्री माझ्यावर शिकली. शेवटची मॉथ, तिने बारा हिवाळे काम केलं. माझ्या अंगावर एकाच्याही दाताची खूण नव्हती आणि मला त्याचा फार तोरा होता. आता आठवलं की लाज वाटते.

मॉथ गेली त्या वसंतात आणखी एक गोष्ट घडत होती. इनॉकच्या डोळ्यांवर धुकं चढत होतं. तो कुणाला कळू देत नसे. पण मला गवतात फेकलं की तो नंतर चाचपडत शोधायचा, दोनदा माझ्यावर पाय देऊन पुढे गेला, तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं पक्षी कुठे पडला ते मॉथ बघत होती. ती होती तोवर त्याचं निभावलं.

मग टीझल आली. तपकिरी अंग, कपाळावर पांढरा पट्टा, आणि कान इतके लांब की पाणी प्यायला वाकली की दोन्ही भांड्यात. बोळकांडीतल्या शाळेत तिच्याइतकं हुशार पिल्लू मी पाहिलं नाही. ती मला उचलायची तेव्हा तिचा उबदार श्वास कातड्यातून आत भुशापर्यंत पोचायचा. मला ती फार आवडायची. हे मी कुणाला सांगू शकलो नाही, म्हणून आज सांगतो.

ऑगस्टच्या अखेरीस जमीनदारीचा कारभारी दारात आला. प्रेविट त्याचं नाव. तरुण माणूस, बूट कोरे करकरीत.

"थर्टल, नोव्हेंबरच्या शिकारीला तुमच्याकडे कुत्रं आहे ना? नसेल तर तसं सांगा. माझ्या माहितीत एक राखणदार आहे, त्याच्याकडे दोन तयार आहेत."

"आहे की साहेब. तयार आहे," इनॉक म्हणाला.

टीझल तेव्हा पाच महिन्यांची होती. दीड वर्षाचं होईपर्यंत तो कुठल्याच कुत्र्याला बंदुकीपाशी नेत नसे.

प्रेविट गेल्यावर डोराने कमरेवर हात ठेवले. "तयार? अगं बाई! अजून स्वतःच्या कानावर पाय देऊन पडते ती!"

"तू तुझं पीठ मळ," इनॉक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आमची शाळा कापलेल्या जवाच्या शेतात गेली. तीन वेळांऐवजी तो मला पंधरा-वीस वेळा फेकू लागला. टीझल कंटाळायची, तरी मला उचलायची आणि त्याच्याभोवती मोठा फेरा घालायची. तिला मिरवायचं होतं, बोळकांडीत मिरवायची तसं. पण तपकिरी शेतात तपकिरी पिल्लू इनॉकला दिसत नव्हतं. त्याला वाटलं, ती मला घेऊन पळाली.

"इकडे! इकडे ये म्हणतो ना!" तो ओरडला, आणि मित्रांनो, तो तिच्यामागे धावला. तिला खेळ वाटला, ती आणखी पळाली. शेवटी त्याने तिला धरलं आणि मला तिच्या तोंडातून खेचून काढलं. त्या खेचाखेचीत पहिला दात माझ्यात रुतला. इनॉक, पाठ फिरव, मी मनात ओरडत होतो. पण भुशाला आवाज कुठला!

मग हे रोजचंच झालं. डोरा कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "धावतोस काय तिच्यामागे? दुसरं कुणी धावलं असतं तर तू त्याला शिव्या हासडल्या असत्यास."

"वेळ कुठाय मला?" तो म्हणाला आणि मला पुन्हा फेकलं.

शिकारीच्या दिवशी मी त्याच्या कोटाच्या खिशात होतो. पहिलाच फेझंट बीटच्या शेतात पडला. टीझल नाक खाली घालून गेली आणि त्याला घेऊन सरळ आली. इनॉकचे दोन्ही हात पुढे झाले. ते हात येताना पाहिले आणि तिने जबडा आवळला.

प्रेविटने पक्षी घेतला आणि अंगठा पिसांखाली घालून फासळ्या चाचपल्या. त्या रानात तशी रीतच होती.

"चुरा झालाय," तो म्हणाला.

"बरं झालं, आमचे चावायचे कष्ट वाचले," एक पाहुणा म्हणाला आणि बाकीचे हसले. दुसऱ्या पक्ष्याचंही तेच झालं. तेव्हा कुणी हसलं नाही.

"थर्टल, खोट कुत्रीत आहे की शिकवण्यात?"

मला खिशातून इनॉकच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते. बोल, मी म्हणत होतो. एकदाच खरं बोल.

"कुत्रीतच, साहेब," तो म्हणाला. "रक्तच वाईट निघालं."

असली कुत्री त्या रानात ठेवत नसत, तिची पिल्लंही तशीच होतील म्हणून. प्रेविटने इनॉकला दुसरं, शिकलेलं कुत्रं देऊ केलं आणि टीझलला बाजारगावातल्या खाटकाला देऊन टाकायचं ठरवलं. खाटकाला मागच्या अंगणात साखळीने बांधायला काहीतरी भुंकणारं हवं होतं.

"जा आणि खरं सांग त्याला," डोरा म्हणाली.

"डोळ्यांचं कळलं तर काम जाईल. कामाबरोबर घरही जाईल, डोरा."

"आणि तिचं घर?"

इनॉकने दिवा फुंकून विझवला.

सकाळी खाटकाची गाडी फाटकाशी थांबली. टीझल दारात बसली होती, मी बाकावर पडलो होतो. इनॉकला तिच्याकडे बघवेना. त्याने पाठ फिरवली आणि तो हापशाकडे चालू लागला.

टीझलला पाठ फिरवण्याचा एकच अर्थ ठाऊक होता. तिने मला उचललं, धावत त्याच्या पुढ्यात गेली, न सांगता खाली बसली आणि हनुवटी वर केली. इनॉकने चाचपत हात खाली नेला. तळहात उघडा होता. तिने जबडा सैल केला आणि मी त्यात पडलो. त्याने माझ्या अंगावरून अंगठा फिरवला. जुनी भोकं होती तेवढीच होती. नवं एकही नव्हतं.

"चला आजोबा, दुकान उघडायचंय मला," खाटीक म्हणाला.

इनॉकचे ओठ हलले. वाटलं, आता तरी बोलेल. मग तो वाकला आणि दोरी त्याने स्वतःच्याच हाताने तिच्या गळ्यात बांधली. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती मागे बघत होती. तिला वाटत असणार, आपण सगळं बरोबर केलं. आणि तिने केलंच होतं.

आता मी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला आहे. नवं कुत्रं शिकूनच आलंय, त्याला माझी गरज नाही. जेवण झालं की इनॉक मला खाली काढतो आणि अंगठ्याने ती भोकं शोधत बसतो, प्रेविटने फासळ्या शोधल्या तशी. भोकांतून भुसा गळतो. एकदा त्याने डोराला विचारलं, "हा जरा शिवून देतेस का?"

"नाही," ती म्हणाली. "राहू दे तसाच."

मित्रांनो, एखादा लहान जीव तोंडात काही धरून तुमच्याकडे आला, तर झडप घालू नका. हात उघडा धरा आणि थांबा. आणि चूक तुमच्या हाताची असेल, तर तो जीव दारात बसलेला आहे तोवर तसं मोठ्याने सांगा. माझ्यात आता थोडाच भुसा उरला आहे. तो संपण्याआधी एवढं तुम्हाला सांगायचं होतं.