लाल कोट आणि टिकल्यांचा निळा ड्रेस

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. लाल रंगाचा, सोनेरी गोटाचा, पितळी बटणांचा. वरातीत बँडवाले घालतात तसला. बटणं सहा होती, आता पाच आहेत. सांगायला बसलोच आहे तर खरं तेच सांगतो. माझा स्वभाव चांगला नाही. मी जळतो. आणि या जळण्यामुळे एकदा एका मुलीचं फार मोठं नुकसान होता होता राहिलं.

माझा जन्म धुळ्याचा. रतिलाल नावाच्या शिंप्याने आम्हा अकरा भावांना एकाच ताग्यातून बेतलं. दहा जणांची मापं त्याने उभ्या उभ्या घेतली. माझी पाळी आली तेव्हा समोर तोताराम उभा होता. बँडमधला ड्रमवाला, वय असेल वीस-बावीस. रतिलालने त्याला गळ्यात ड्रम अडकवायला लावला आणि म्हणाला, "वाजव." वाजवताना त्याचा कोपर कुठवर वर जातो ते नीट पाहिलं. मग माझ्या दोन्ही काखांत एकेक चौकोनी तुकडा जोडला. शिंपी लोक त्याला कळी म्हणतात. कळी असली की हात कितीही उचला, कोट ओढला जात नाही. माझ्या दहा भावांना कळी नव्हती. मला त्याचा गर्व होता.

तीस वर्षं मी तोतारामच्या अंगावर होतो. नशिराबादपासून मुक्ताईनगरपर्यंत किती वराती पाहिल्या, किती कानबाई देवीच्या मिरवणुकी पाहिल्या, सांगता येणार नाही. बँडवाल्यांची एक सवय असते. लोक नाचायला लागले की ड्रमवाला ताल वाढवतो. शिट्टी आली की आणखी वाढवतो. हे कोणी शिकवत नाही. हातालाच ते लागून जातं. तोताराम ताल वाढवायचा, माणसं घामाघूम व्हायची आणि म्हणायची, "ड्रमवाल्याने धमाल केली!" ते कौतुक मी माझंच समजत असे. तरी बँडमास्तरच्या कोटाला गोटाच्या दोन ओळी होत्या आणि मला एकच, हे मला तीस वर्षं सलत राहिलं. सांगितलं ना, स्वभाव.

पुढे गाडीवर भिंतीएवढे स्पीकर आले. बँड मोडला. तोतारामचे आता आबा झाले होते, आणि मी पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत गेलो. सोबतीला डांबराच्या गोळ्या. कितीतरी वर्षं मला कोणी ऊन दाखवलं नाही.

एके दिवशी पेटीबाहेर धप धप असा आवाज येऊ लागला. आबांची नात मेघा, तेव्हा सातवीत होती, चेंडू उडवून झेलायचा खेळ शिकत होती. शाळेत त्याला जगलिंग म्हणतात. चेंडू तरी कसले, आबांच्या जुन्या मोज्यांत ज्वारी भरून तोंड शिवलेलं. आधी दोन, मग तीन. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या मुली झोक्यावर असायच्या तेव्हा ही भिंतीकडे तोंड करून तीन चेंडू खेळवत बसायची. दिवाळीनंतर चौथा आला.

डिसेंबरात जळगावात शाळाशाळांची कलागुण स्पर्धा होती. त्यातून तीनच मुलं पुढच्या फेरीसाठी नाशिकला जाणार होती. मेघाने आदल्या वर्षीही भाग घेतला होता. तेव्हा तीनच चेंडू होते, तरी पाच वेळा खाली पडले. वर्गातली मुलं तिला वर्षभर 'धपधप' म्हणून हाक मारत होती. यंदा तिने ठरवलं होतं, दोन मिनिटं, चार चेंडू.

मला पेटीतून काढलं ते याच स्पर्धेसाठी. आबांनी मला झटकलं आणि खाटेवर पसरलं. पण खाटेवर आधीच कोणीतरी होतं. टिकल्यांचा निळा ड्रेस! मेघाच्या आईने, पुनमने, दुकानातून भाड्याने आणलेला. खिडकीतून थोडं ऊन आलं तर भिंतभर चांदण्या पाडत होता. मी पाहिलं आणि माझ्या अस्तरापर्यंत आग झाली.

"आबा, हे काय काढलं?" पुनम म्हणाली. "पोरगी स्पर्धेला चालली का वरातीत?"

"घालीसन देखू दे ना," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले.

"आई, याला कसला वास येतो!" मेघाने नाक धरलं.

मेघाचा मामा स्वप्नील तिथेच मोबाइल घेऊन बसला होता. गाणं निवडायचं काम त्याच्याकडे होतं. तो हसून म्हणाला, "मेघे, हा कोट घातलास तर लोक तुला विचारतील, नवरदेव कुठे आहे!"

सगळे हसले. मला खुंटीवर टांगलं, ड्रेसला कपाटात हँगर मिळाला. मित्रांनो, त्या दिवसापासून मी एकच मागणं मागत होतो. या निळ्या ड्रेसमध्ये हिचे चेंडू पडू देत. मागणं मेघाच्या वाईटाचं होतं, हे माझ्या ध्यानात आलंच नाही. मला वाटे, मी ड्रेसचं वाईट मागतो आहे.

आणि चेंडू पडू लागले. शाळेच्या कपड्यांत चारही नीट चालत. ड्रेस घातला की दहा-बारा झेलांनंतर धप. पुनम म्हणाली, गाणं फार धांगडधिंग्याचं आहे. स्वप्नीलने दुसरं लावलं. धप. तिसरं लावलं, त्यात नुसतीच बासरी. धप.

"मामा, तू गाणी बदलू नको आता," मेघा रडकुंडीला आली. "माझ्यातच काहीतरी बिघडलंय."

मी खुंटीवरून मजा पाहत होतो.

आबा मात्र गाणं ऐकत नव्हते. ते तिचे कोपर पाहत होते. उठले, तिचा हात धरून वर उचलला. काखेत ड्रेस ताणला गेला आणि हात खांद्याजवळ अडला.

"कळीच नही शे," आबा म्हणाले. "हात वर कसा जाई? चेंडू वर नही जात, त्यामां पोरगीना काय दोष?"

मग त्यांनी मला खुंटीवरून काढलं. मेघाने तोंड वाकडं करत मला घातलं. मी तिच्या गुडघ्यापर्यंत आलो. बाह्या तर बोटांच्याही खाली. त्या दुमडल्या आणि तिने चेंडू उडवले. चार. वीस झेल झाले, तीस झाले, पन्नास. स्वप्नीलने मोजणं सोडून दिलं.

"आई, याच्यात हात मोकळा राहतो गं!"

मी उघड्या कपाटातल्या निळ्या ड्रेसकडे पाहिलं. जा म्हटलं, दुकानात परत जा.

पुनम सुई-दोरा घेऊन आली. "आबा, निदान बाह्या तरी मनगटापर्यंत शिवून घेते. चार टाके घालते, कात्री लावत नाही."

"सुई नको," आबा म्हणाले. "हाई मन्ही वर्दी शे. पिना लाव."

मलाही तेच हवं होतं. मुलीच्या मापाचा व्हायला मी तयार नव्हतो. पुनमने सेफ्टी पिना लावल्या, वर म्हणाली, "स्टेजवर सुटल्या तर मला नका बोलू."

आणि मग आबा म्हणाले, ताल ते स्वतः धरतील. माळ्यावरून ड्रम काढला, चामडं उन्हात तापवून पाहिलं. स्वप्नीलचा स्पीकर कोपऱ्यात गेला. माझी छाती दुप्पट फुगली. कोटही जुना, ताल जुना, आणि नवे दोघेही बाजूला. घरी आठ दिवस सराव झाला. आबा एका चालीत वाजवत, मेघा एका चालीत झेलत. कुठे काही चुकलं नाही. घरी टाळ्या वाजवणारं कोणी नव्हतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी संध्याकाळी सभागृह भरलं होतं. मी मेघाच्या अंगावर, पडद्याआड उभा. आमच्या आधीच्या मुलीचं नाव पुकारलं गेलं. रोहिणी, नशिराबादची, नाच. ती दिव्यांत आली आणि माझे डोळे, म्हणजे बटणं, फुटायची वेळ आली. तिच्या अंगावर तोच ड्रेस! दुकानदाराने परत आलेला ड्रेस तिला दिला होता. दिव्यांखाली तो असा झळकला की अख्खं सभागृह "आहाहा" करून उठलं. शिट्ट्या झाल्या. लोकांनी पुन्हा नाचायला लावलं.

मी पेटलो. मनात एकच होतं, याच्यापेक्षा मोठ्या टाळ्या मला पाहिजेत.

आमचं नाव आलं. आबा स्टेजच्या कडेला ड्रम घेऊन बसले. लाल कोटातली एवढीशी मुलगी पाहून लोक आधी हसले, मग चार चेंडू वर गेले तसे गप्प झाले. अर्धं मिनिट झालं. कोणीतरी तालावर टाळी धरली. मग सगळ्यांनी धरली. मागून शिट्टी आली.

आणि आबांचा हात वाढला.

त्यांना कळलंही नाही. तीस वर्षांची सवय. शिट्टी आली, ताल वाढला. मेघाचे हात तालाच्या मागे धावू लागले. घाईने चेंडू खाली खाली उडू लागले, एकमेकांना घासू लागले. मला हे कळत होतं. तिचा दंड पूर्ण वर न जाताच खाली येतो आहे, हे माझ्या कळीला जाणवत होतं. तरी मी म्हणत होतो, अजून वाढव आबा, निळ्याला दाखव! दुसरी शिट्टी आली. ताल आणखी चढला. माझ्या उजव्या बाहीची पिन सुटली. बाही घसरून तिच्या पंजावर आली आणि चेंडू बाहीवर आपटून खाली गेला.

धप.

पाठोपाठ दुसरा. तिसरा घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत. मागच्या बाकावरून तिच्या वर्गातलाच कोणीतरी ओरडला, "धपधप!"

आबांचा हात थांबला. मेघा खाली पाहत उभी राहिली. तिच्या पाठीला सुटलेला घाम माझ्या अस्तरात उतरत होता. आता ही पळणार, असं मला वाटलं. पण तिने बटणं काढली. एक, दोन, पाचही. मला अंगावरून उतरवलं आणि स्टेजच्या कडेला टाकून दिलं. आत तिचा साधा पांढरा शाळेचा शर्ट होता. तिने पडलेले दोन चेंडू उचलले, पहिल्या रांगेतल्या बाईंनी वर दिलेला तिसरा घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आबा, हळू वाजवा. कोणी कितीही शिट्ट्या वाजवू दे, हळूच."

लोक हसले. आबा हसले नाहीत.

"मन्हं चुकनं, पोरी," ते म्हणाले. "शिट्टी वाजनी का मन्हा हात मन्हं ऐकत नही. आते ऐकाडस त्याले."

मग त्यांनी हात ताब्यात ठेवून नवरीला निरोप देतानाचा ताल धरला. सगळ्यात संथ. तो वाजवताना बँडमध्ये कोणी नाचत नाही.

मी जमिनीवर पडलो होतो, एक बाही उलटी. मित्रांनो, मी मेघाचे चेंडू पहिल्यांदा तेव्हा पाहिले. अंगावर असताना मला फक्त तिच्या हातांची ओढ कळायची. चार चेंडू दिव्यांपर्यंत जात होते, वर जरा थांबल्यासारखे वाटत होते आणि मग उतरत होते. लोकांनी टाळी धरून पाहिली. शिट्टीही आली. आबांनी ओठ दाबून धरले, मान खाली घातली, पण हात वाढू दिला नाही. मला त्या पांढऱ्या शर्टाचाही हेवा वाटला. खोटं कशाला बोलू?

दोन मिनिटं पूर्ण झाली. चारही चेंडू तिच्या हातात होते.

निकालात रोहिणी पहिली आली. मेघा तिसरी. चेंडू पडल्याचे गुण गेले, पण नाशिकचं तिकीट मिळालं. पुनम रडत होती, स्वप्नील ओरडत होता, "भाची कोणाची!" मला कोणी उचललं नाही. शेवटी आबांनी उचललं, धूळ झटकली आणि बाहेर पायऱ्यांवर आले.

बाहेर डिसेंबरची थंडी होती. रोहिणी तिथे रिक्षाची वाट पाहत कुडकुडत उभी होती. ड्रेसच्या बाह्या कोपरापर्यंतही नव्हत्या! आबांनी विचारलं, "थंडी वाजस का, माय?" आणि उत्तराची वाट न पाहता मला तिच्या अंगावर घातलं. ड्रेसच्या वरून!

माझा शत्रू माझ्या पोटाशी आला. टिकल्या मला टोचत होत्या. पण आतून पाहिलं तर तो वेगळाच होता. गळ्याला तीन पिना तशाच राहिलेल्या, गंजलेल्या. कंबरेला शंभर भोकं. कोणी घट्ट केलेला, कोणी सैल केलेला, कोणी अस्तरावर पेनाने नंबर घातलेला. तीस वर्षं मला एकच माणूस होता. या ड्रेसला दर शनिवारी नवी मुलगी, आणि कोणाच्याच घरी खुंटी नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दुकानात जाणार होता.

रिक्षा येईपर्यंत मी त्याला अंगाशी धरून ठेवलं, एवढंच.

घरी आल्यावर पुनमने मला धुतलं, उन्हात वाळवलं. आबांनी स्वतःच सुई तिच्या हातात दिली. आता माझ्या बाह्या मेघाच्या मनगटापर्यंत शिवल्या आहेत. नाशिकला मला नेतील की पांढरा शर्ट नेतील, अजून ठरलेलं नाही. ती घालून पाहते आणि ठरवते. ठरवू दे.

मित्रांनो, जुन्या कपड्यांना वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. आम्हाला तेवढं पुरतं. आणि भाड्याने पोशाख आणलात तर परत देताना त्यातल्या पिना आठवणीने काढा. तुमचा खेळ दोन मिनिटांत संपतो. त्याला पुढच्या शनिवारी परत कोणाच्या तरी अंगावर चढायचं असतं.