स्टॉप आणि स्पॉट

“बंद कर, बंद कर,” लंबू मशीनच्या मागून ओरडत होता आणि मशीन चालवणाऱ्याचा हात बटणांवर येऊन थबकला होता.

लाँड्रीत हे मशीन नवीनच आलं होतं. जुन्याला एक हिरवा आणि एक लाल असे दोन खटके होते. त्या दोन खटक्यांवर त्याची निम्मी नोकरी सुखाने पार पडली. नव्याला मात्र सगळी बटणं राखाडी, आणि प्रत्येकावर इंग्रजी शब्द. आणीबाणीचं मोठं लाल बटण बसवायचं राहून गेलं होतं. लंबूच्या गळ्यातला टॉवेल मागच्या पट्ट्यात अडकला होता. चालवणाऱ्याने एक बटण दाबलं. मशीन थांबलं तर नाहीच, उलट डाग काढायची वाफ फुसफुसत सुटली. मग त्याने शेजारचं दाबलं, तेव्हा कुठे पट्टा थांबला.

टॉवेलच्या चिंध्या झाल्या, लंबूच्या मानेवर वळ उठला. तेवढंच. “जिवावरचं टॉवेलवर निभावलं,” असं तो चहाच्या वेळी सगळ्यांना हसत सांगत होता. सगळ्यांनी मिळून नव्या मशीनला शिव्या घातल्या. बटण दाबणाऱ्यानेही मान डोलावली, पण त्याला ठाऊक होतं. चूक मशीनची नव्हतीच. एका बटणावर स्टॉप होतं, दुसऱ्यावर स्पॉट. एक थांबवायचं, दुसरं डागाचं. दोन्हींत तीच चार अक्षरं, आणि ती त्याच्या डोळ्यांसमोर कधी एका जागी बसतच नसत.

हे शाळेपासूनचं. आपल्या भाषेतलं तो अडखळत का होईना वाचायचा. इंग्रजी शब्द दिसला की अक्षरं बाजारातल्या गर्दीसारखी एकमेकांत घुसायची. मास्तर आळशी म्हणाले, वडील ठोंब्या म्हणाले, आणि दोघांचंही खरं असणार असं तो धरून चालला. लग्नानंतर घरात आलेला प्रत्येक कागद बायको वाचायची. बाहेर कुणाला पत्ता नव्हता.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. बायकोने खोदून खोदून विचारलं, मग स्वयंपाकघरात जाऊन आपल्या आईला सगळं सांगितलं. त्याची सासू त्यांच्याकडेच राहायची. सासरे गेल्यावर आपलं शिलाई मशीन तेवढं घेऊन आली होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरींवर, उशांच्या अभ्र्यांवर इंग्रजी अक्षरं भरून द्यायचं काम ती करायची. जावयाशी तिचं बोलणं बेताचंच: जेवलात का, पंखा लावू का. आता हिलाही कळलं म्हणून तो बायकोवर चिडला. पण झाकली मूठ उघडली होती, आता चिडून काय होणार?

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याला शिलाई मशीनपाशी बोलावलं. कापडाचे चार तुकडे काढून ठेवलेले. प्रत्येकावर जाड दोऱ्याने भरलेलं एकेक अक्षर, पाठीमागे टिचबटण. एका पट्टीवर ते हव्या त्या क्रमाने लावता यायचे.

“जावईबापू, डोळे मिटा,” त्या म्हणाल्या. “बोटाने बघा.”

त्याला हसूच आलं. पण सासूचा शब्द मोडायचा कसा, म्हणून मिटले.

“डोळे तुम्हाला फसवतात, बोटं नाही फसवायची. पंगतीत पहिलं कोण बसलंय ते आधी विचारायचं. मग शेजारी कोण. चौघांची ओळख पटल्याशिवाय नाव घ्यायचं नाही.”

एसच्या शेजारी टी बसला तर थांबा. एसच्या शेजारी पी बसला तर डाग. पी उठून पुढे आला आणि एस शेवटी गेला की झाली पॉट्स, म्हणजे भांडी. त्याचं बोट त्या जाड दोऱ्यांवरून फिरत राहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा अक्षरं हलली नाहीत.

मग हे रोजचंच झालं. कामावरून आला की हातपाय धुऊन तो तिथे बसायचा. टी, ईट, एट: चहा, खा आणि खाल्लं, एकाच घरातली तीन भावंडं. हू आणि हाऊ, म्हणजे कोण आणि कसं. सॉ आणि वॉज, म्हणजे पाहिलं आणि होतं, ही तर एकमेकांची उलटी सावली. नाऊ, ओन आणि वॉन यांनी मात्र त्याला रडकुंडीला आणलं. आता, स्वतःचं, जिंकलं. एकाच्या जागी दुसरंच तोंडातून निघायचं. एकदा त्याने पट्टी भिरकावून दिली.

सासूबाईंनी उठून ती उचलून आणली. “सुरुवातीला एका हॉटेलचा अख्खा गठ्ठा मी उलट्या अक्षरांनी भरला होता,” त्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या. “सगळा उसवावा लागला. खरं सांगू का, भरताना नाही, उसवतानाच शिकले मी. घ्या, पुन्हा लावा.”

त्याने पुन्हा लावली.

पुढे लाँड्रीत मशीन चालवणाऱ्यांची चाचणी निघाली. सुपरवायझर बटणाचं काम सांगणार, आणि चालवणाऱ्याने शब्द वाचून बोट ठेवायचं. जमलं नाही तर घड्या घालायच्या टेबलावर बदली. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, “साहेब, मला वाचायला वेळ लागतो. अक्षरावर बोट ठेवून वाचतो. पण वाचल्याशिवाय दाबणार नाही.” मग जरा थांबून त्याने तेही सांगून टाकलं. “त्या दिवशी मशीन चुकलं नव्हतं. मी चुकलो होतो.”

सुपरवायझरने लंबूकडे पाहिलं. लंबूने मानेवरून हात फिरवला.

“आता येतंय ना वाचायला?” लंबू म्हणाला. “मग वाचू दे की त्याला.”

त्याने वाचलं. सावकाश, एकेक अक्षर चाचपत, आणि एकही चुकलं नाही. सुपरवायझरने त्याला मशीनवरच ठेवलं, आणि लाल बटण बसेपर्यंत मशीनच्या मागे कुणी जायचं नाही अशी ताकीद दिली.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई “बरं झालं” एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा अभ्र्यावर वाकल्या. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. आभार हा शब्द त्याला फारच तोकडा वाटला, शिवाय सासूला आभार म्हणतं का कुणी? त्या जेवायला उठल्यावर त्याने त्यांचं शिलाई मशीन खोललं, साठलेला दोऱ्यांचा चोथा काढला, तेल सोडलं, सैल झालेला पट्टा आवळला. जेवून परत आल्यावर त्यांनी पाय मारला. मशीन आवाज न करता फिरलं. त्या कापड न घालताच बराच वेळ पाय मारत राहिल्या.

पुढे सासूबाईंची दृष्टी हळूहळू अंधूक होत गेली आणि भरतकाम सुटलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं व्हायचं होतं. घरात थेंबांच्या दोन बाटल्या आल्या, दोन डोळ्यांना दोन औषधं, वर कोणता डोळा ते इंग्रजीत लिहिलेलं. बायको कामाला गेलेली. स्वतःच्या लेकीच्या आजारपणातसुद्धा बाटली हातात घ्यायला तो धजला नव्हता. औषधाची वेळ झाली की बायकोला हाक मारायचा.

त्याने एक बाटली खिडकीपाशी धरली. एल, मग ई, मग एफ, शेवटी टी. एफ पुढे आणि एल त्याच्या जागी असता तर शब्द वेगळा झाला असता. फेल्ट, म्हणजे जाणवलं. त्याने पुन्हा पहिल्या अक्षरापासून बोट फिरवलं.

“सावकाश होऊ द्या,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. “मला कुठे गाडी पकडायचीय?”

“डावा,” तो म्हणाला.

त्यांनी मान मागे टाकली, डाव्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून धरली आणि थेंबाची वाट पाहत राहिल्या.